गव्हामागची ज्वारी

उमरग्यात हायवेला लागून जे ढाबे आहेत, त्यातल्या एकावर महादेवीअक्कानं पंचवीस-तीस वर्षं भाकरी थापली. ढाब्याचं नाव बदललं, मालक बदलला, रस्ता रुंद होऊन चौपदरी झाला, पण चुलीपुढची बाई तीच राहिली. हैदराबादकडं जाणारे ड्रायव्हर गाडी बाजूला घेतानाच ओरडायचे, "अम्मा, दो भाकरी!" आणि अक्का वर न बघता काटवट पुढं ओढायची. तिची भाकरी गार झाली तरी काठाला चिरायची नाही. पार जहीराबादच्या पलीकडं जाऊन फडकं सोडलं तरी मऊच, असं तिचा मुलगा शांतलिंग सांगायचा. तो स्वतः ट्रक चालवतो, तेव्हा एवढं तरी त्याचं खरं धरायला हरकत नाही.

मी समोरच्या घरात राहते. पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकलंय, फॉल-पिको आणि ब्लाउजची कामं घेते. दार उघडं ठेवल्याशिवाय मला सुईचं नाक दिसत नाही, आणि दार उघडं ठेवलं की अक्काचा ओटा दिसतो. त्यामुळं त्या घरातलं मला जरा जास्तच माहीत असतं. कुणी चोंबडी म्हणालं तर खुशाल म्हणो.

अक्काचा ढाबा सुटला तो गुडघ्यांपायी. मनगटं तर आधीच गेली होती. थंडीत ती हात पोटाशी धरून बसायची. नवरा ईरण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. शांतलिंग महिन्यातून कधीतरी उगवतो, आंघोळ करतो, झोपतो आणि परत जातो. म्हणजे घरात तिघीच. अक्का, सून निकिता आणि आठ वर्षांची नात समृद्धी. निकिता गावातल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. सकाळी जाते ती दिवेलागणीला पाय ओढत येते. आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची रीत आहे. निकिता दारातून "आत्या, आले" म्हणायची ना, ते ऐकूनच मला जांभई यायची.

समृद्धी लहानपणापासून हडकुळी. पोट तेवढं फुगलेलं, हातापायाच्या काड्या, आणि आठवड्यातून दोनदा तरी पोट धरून निजायची. जंतांचं औषध देऊन झालं, मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. शेवटी गेल्या वर्षी सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हिला गहू सोसत नाही आणि जन्मभर सोसणार नाही. चपाती, बिस्कीट, पाव, रवा, शेवया, सगळं बंद. तांदूळ चालेल, ज्वारी चालेल.

ज्वारी चालेल म्हटल्यावर अक्का हसलीच. "एवढंच व्हय? मला वाटलं काय न् काय सांगत्यात. आता बघ, म्या तिला भाकरीवर कशी गुबगुबीत करते."

तिनं सगळी हौस त्या भाकरीत घातली. ज्वारी स्वतः निवडायची, दळण स्वतः डोक्यावर न्यायची, तव्यावरची पहिली भाकरी पोरीच्या ताटात वाढायची. पण पोरगी काही गुबगुबीत झाली नाही. चार दिवस बरी राहायची, पाचव्या दिवशी पुन्हा पोट धरून कोपऱ्यात. निकिता हैराण झाली, अक्का हैराण झाली. मग पोरीनं तिचा तिनंच हिशेब लावला. आई भात करते त्या दिवशी दुखत नाही, अज्जी भाकरी करते त्या दिवशी दुखतं. एके दिवशी तिनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "अज्जीच्या हातचं खाल्लं की दुखतंय."

तिथून पुढं तिनं अक्काच्या हातचं काहीच घेतलं नाही. भाकरी सोडाच, अक्कानं सोललेलं केळंसुद्धा नाही. शाळेतून आली की आईनं ठेवलेले फुटाणे घ्यायची, डबा आपल्या हातानं उघडायची, आणि ते संपले की आई येईपर्यंत पुस्तक घेऊन भुकेली बसून राहायची. रुसवा नाही, हट्ट नाही. भ्यायली होती ती. लहान लेकराला एवढं शहाणपण यावं याचा मला तर रागच यायचा.

निकिता त्यात पिळून निघाली. उजाडायच्या आधी उठून पोरीचं दोन वेळचं करायची, ड्युटीवर उभं राहायची, आणि परत आल्यावर पदर खोचून पुन्हा कुकर लावायची. एकदा माझ्याकडं ब्लाउजचं माप द्यायला आली आणि टेप लावेस्तोवर उभ्या उभ्या पेंगली.

आणि अक्का? ती माझ्या उंबऱ्यात येऊन बसायची. "लक्ष्मम्मा, ह्या हातानं म्या मुलखाची पोटं भरली गं. आन घरचं लेकरू माज्यासमोर उपाशी बसतंय." गल्लीतल्या दोघी-तिघींनी तिच्या हाताला काही बाधलंय म्हणून कुजबुज चालवली होती. त्यातल्या एकीचा ब्लाउज माझ्याकडं होता. मी तो मुद्दाम दिवाळीनंतर दिला.

तर ह्या जूनमधली गोष्ट. समृद्धीनं आईच्या मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघितला. थंड मुलखातली एक बाई पीच नावाचं फळ चिरते, त्यावर पिठाचा भुगा पसरते, भट्टीत ठेवते, आणि वरून तांबूस झालेलं चमच्यानं खाते. पोरगी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायची. गोड म्हणून तिच्या वाट्याला वर्षभर गूळ-शेंगदाण्याशिवाय काही आलं नव्हतं. "आई, गहू न घालता हे करता येतं का गं?" निकिता म्हणाली, "करू की, सुट्टी मिळाली की." तिची सुट्टी कधी मिळते हे पोरीला माहीत होतं, म्हणून तिनं पुढं विचारलं नाही. अक्का भांडी घासत होती. तिनं ऐकलं.

दुसऱ्याच दिवशी ती स्टँडवर जाऊन पीच घेऊन आली. उत्तरेकडचे फळांचे ट्रक हैदराबादला जाताना एखाददुसरी पेटी इथंही उतरते. गाडेवाला त्याला आडू म्हणत होता. माझे वडील सप्ताळू म्हणायचे, पण तेही नुसतं ऐकून. खाल्लेलं कुणीच नव्हतं. आम्ही दोघी ते हातात घेऊन उलटंपालटं बघत बसलो. अंगावर बारीक लव, एका बाजूनं लाली.

"हे सोलायचं का तसंच चिरायचं?" अक्कानं विचारलं.

मी माझ्या मोबाइलवर तो व्हिडिओ शोधून तिला दाखवला. तिनं शेवटपर्यंत बघितला आणि तोंड वाकडं केलं. "म्हंजी खाली फळ शिजवायचं आन वरनं पीठ तुपात चोळून टाकायचं. एवढ्याला किती नाचतीय ती बया!"

पण रविवारी तिनं ते मन लावून केलं. सकाळीच ज्वारीचं ताजं दळण आणलं. पीच गरम पाण्यातून काढून सोलले, फोडी केल्या, त्यात गूळ आणि वेलदोडा घातला, लिंबू पिळलं. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याचं कूट आणि साखर तुपात बोटांनी चोळून रवाळ भुगा केला आणि फोडींवर पसरला. घरात भट्टी कुठली असणार? जुन्या कढईत मिठाचा थर दिला, त्यात डबा टेकायला एक कडं ठेवलं, वर ताट झाकून कढई तापवली आणि भुग्याचा डबा आत सोडला. मंद गॅसवर पाऊण एक तास. तेवढा वेळ ती गॅससमोर स्टुलावर बसून होती, मनगटं चोळत. गूळ आणि तूप एकत्र भाजल्याचा वास गल्लीभर सुटला. समृद्धी दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आणि दोनदा परत गेली.

निकिताची रविवारी अर्धी ड्युटी असते. ती आली तेव्हा डबा बाहेर निघाला होता, काठानं रस बुडबुडत होता, वरचा भुगा तांबूस झाला होता. अक्कानं मलाही बोलावलं होतं. पोरगी आईच्या मागं पदराला धरून उभी.

"समूसाठी केलंय," अक्का म्हणाली. "गव्हाचा वारा बी न्हाय. तूच तिला भरव, माज्या हातानं नगं."

निकिताला खरंच बरं वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. चमचा घेऊन ती खाली बसली. "ज्वारी ना आत्या? लई बारीक दिसतंय पीठ."

"तर! सकाळी सांगून दळून आणलं. गव्हाच्या मागंच टाकायला लावली ज्वारी. म्हंजी कसं, मऊ पडती."

निकिताचा चमचा हातातच राहिला.

आता इथं हे सांगायला हवं, की आमच्याकडं गिरणीत दळण टाकताना प्रत्येक बाई एक गोष्ट विचारते, आधी काय दळलंय? ज्वारीच्या मागं कुणी गहू टाकू देत नाही, कारण ज्वारी मिसळली की चपात्या तुटतात. सगळी जपणूक गव्हाची. गव्हाच्या मागं ज्वारी टाकली तर कुणाचंच काही जात नाही. उलट जात्यात राहिलेलं मूठभर गव्हाचं पीठ ज्वारीत उतरतं, आणि भाकरीला काठ चिरत नाही. अक्काच्या ढाब्यावरच्या भाकरीची सगळी करामत ती होती. ती इतकी वर्षं गिरणीत गव्हावरच नंबर लावत आली होती. नातीच्या भाकरीसाठीही तेच केलं, आवर्जून केलं, लेकराला मऊ लागावी म्हणून.

"नेहमीच असं दळता?" निकितानं विचारलं. आवाज अगदी खाली.

"मग काय आज करते व्हय? म्या कदी चिरलेली भाकर कुणाच्या पानात—" अक्का बोलता बोलता थांबली. सुनेचं तोंड बघून तिला काहीतरी कळायला लागलं होतं.

निकिता ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती भिंतीला टेकली आणि डोळे मिटून म्हणाली, "आत्या, कण बी चालत न्हाय तिला."

"कण? अगं, मूठभर पीठ आख्ख्या पायलीत—"

"सोमवारी तुमच्या साबुदाण्यात भाताचं एक शीत पडलं तर काय करता?"

"टाकून देते."

"एकच शीत."

"एक काय न् दहा काय, उपास मोडला तो मोडला."

"मग समूचा रोज सोमवार हाय असं समजा. नुसता गव्हाचा."

अक्काचा सोमवार सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. लग्नाआधीपासूनचा आहे तो. एकदा ढाब्यावर कुणीतरी वरणाचा डाव तिच्या साबुदाण्याच्या पातेल्यात बुडवला, तर तिनं पातेलं गाईपुढं ओतलं आणि दिवसभर नुसत्या पाण्यावर राहून भाकरी थापली. अशा बाईला ते वाक्य समजावून सांगावं लागलं नाही. ती उठून उभी राहिली, मग पुन्हा बसली. मग तिनं दोन्ही हात पुढं धरले आणि त्यांच्याकडं बघत म्हणाली, "म्हंजी म्याच घातलं गं तिला. रोज. बळंबळं. मऊ लागावं म्हणून."

"मला तरी कुठं सुचलं गिरणीचं," निकिता म्हणाली. "डॉक्टरांनी ज्वारी चालेल म्हटलं, म्या बी तेच धरून बसले."

समृद्धी दारातून डब्याकडं बघत होती. मग ती आत जाऊन पुस्तक घेऊन बसली आणि निकितानं उठून कुकर लावला. मी तो डबा घरी आणला. वाया घालवायला जीव धजेना. खाल्लं, आणि सांगायला लाज वाटते, पण फार चांगलं झालं होतं. आंबटगोड फोडी आणि वर खरपूस भुगा. मी खात होते आणि मला रडू येत होतं.

सोमवारी सकाळी निकिता ड्युटीवर गेल्यावर मी अक्काकडं डबा परत द्यायला गेले. ती माळ्यावरून उपासाची भांडी काढत होती, त्या गुडघ्यांनिशी स्टुलावर चढून. उपासाची कढई वेगळी, पातेलं वेगळं, डबा वेगळा, मिक्सरचं कुटाचं भांडंसुद्धा वेगळं. त्याला धान्याचा हात कधी लागलेला नाही. राजगिरा आणि भगर परातीत घेऊन ती चष्मा लावून दाणा दाणा निवडत बसली. मी म्हटलं, आण, थोडं मी निवडते.

"हात लावू नगंस," ती म्हणाली. "तू सकाळी चपात्या लाटल्यात."

मी मुकाट्यानं बाजूला झाले. ह्या पन्नास वर्षांत मला असं कुणी हटकलेलं नाही, पण राग आला नाही.

राजगिरा आणि भगर तिनं त्या उपासाच्या भांड्यात दळली. मिक्सर तापून दोनदा बंद पडला, तेव्हा ती पाठीला हात लावून थांबली. उरलेले पीच तिनं पुन्हा सोलले. मधेच तिला शंका आली, "हे पीच उपासाला चालतं का गं?" मी म्हटलं, फळच आहे की. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. नवं मीठ, नवा गूळ, घरी कढवलेलं तूप घेतलं. पोटात सकाळपासून फक्त चहा. दुपारभर ती एकेक पायरी करायची आणि बसायची, करायची आणि बसायची. डबा कढईतून निघाला तेव्हा तिच्यात बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

समृद्धी शाळेतून आली. दप्तर पाठीवर तसंच. वास आला असणार, कारण ती थेट स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"आई आली?"

"न्हाय गं अजून," अक्का म्हणाली. "तुज्यासाठी परत केलंय. आई आल्यावर तिला इचार, मग खा. घाई न्हाय."

एरवी पोरगी फुटाण्याचा डबा घेऊन गेली असती. ती गेली नाही. "ह्यात काय काय हाय?"

अक्कानं सांगितलं. राजगिरा, भगर, शेंगदाणे, गूळ, साखर, तूप, वेलदोडा, लिंबू. पोरगी एकेक शब्द ऐकत होती, डोळे डब्यावर.

"तू खाल्लंस?"

"न्हाय. तुज्यासाठी केलं ना."

"आज सोमवार हाय ना, अज्जी?"

"व्हय."

"मग तू खा. म्या बघते."

अक्काला आधी कळलं नाही. तिला वाटलं, नात लाडानं आग्रह करतेय. मला कळलं. त्या पोरीचा अज्जीच्या शब्दावर भरवसा उरला नव्हता, अज्जीच्या हातावर तर नव्हताच. पण सोमवारच्या दिवशी अज्जीच्या तोंडात धान्याचा कण जाणार नाही, जीव गेला तरी जाणार नाही, हे तिनं जन्मापासून पाहिलं होतं.

अक्कानं चमचा भरला आणि तोंडात घातला. पोरगी तिच्या गळ्याकडं बघत राहिली, घास खाली उतरेपर्यंत.

"अजून एक."

अक्कानं अजून एक खाल्ला. आता तिलाही कळलं होतं. तिचे डोळे भरले, पण तिनं ते पुसले नाहीत; हातातला चमचा खाली ठेवावा लागला असता म्हणून.

समृद्धी आत आली, दप्तरासकट अक्काच्या मांडीला मांडी लावून बसली आणि तिनं तोंड उघडलं. भरवताना पहिला घास अर्धा फ्रॉकवर सांडला. पोरीनं तो बोटानं उचलून खाल्ला आणि पुन्हा तोंड उघडलं. डबा अर्धा रिकामा झाला तेव्हा अक्का म्हणाली, "बास बाळा, पोटाला तडस लागंल." पोरगी म्हणाली, "न्हाय लागत."

दिवेलागणीला निकिता आली. "आत्या, आले" म्हणाली आणि पर्स खांद्याला तशीच ठेवून स्वयंपाकघराकडं वळली, पोरीचा भात टाकायला. समृद्धी ओट्यावर अक्काच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. ती तिथूनच म्हणाली, "आई, माझं झालंय खाऊन. अज्जीनं भरवलं. तू बस आता."

निकिता सासूकडं बघत राहिली. अक्कानं मान हलवली. मग निकिता ओट्याच्या कडेला खांबाला टेकून बसली, काही बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि बोलायच्या आधीच तिचा डोळा लागला. दिवसभर उभं राहून सुजलेली पावलं चपलेत तशीच रुतलेली. अक्कानं पोरीचं डोकं हळूच मांडीवरून खाली ठेवलं, गुडघे धरत पुढं सरकली, आणि सुनेच्या पायातली चप्पल आपल्या हातानं काढली.